डब्यावरची दोन अक्षरे



सातबारा म्हणजे काय, हे आपल्या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शाळेची पायरी न चढलेली आजीही नातवाला सांगते, "तालुक्याला जातोस तर माझ्या नावचा सातबारा काढून आण." पण हा शब्द आला कुठून? तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना सात म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन नमुन्यांचे दोन आकडे जोडले आणि शब्द तयार झाला. आठ-अ चेही तसेच. ही खरे तर कचेरीतली भाषा. पण जमिनीशी, म्हणजे जिवाशी तिची गाठ पडली, म्हणून आपण ती शिकून घेतली. आज ती आपलीच वाटते.

मग खताच्या पिशवीवरची, बियाण्याच्या चिठ्ठीवरची आणि औषधाच्या डब्यावरची अक्षरे तेवढी परकी का राहावीत?

प्रत्येक धंद्याची आपली एक आडभाषा असते. बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवतात. ती भाषा तिसऱ्याला कळू नये म्हणूनच असते. डब्यावरची अक्षरे मात्र लपवण्यासाठी नाहीत. जागा थोडी आणि सांगायचे पुष्कळ, म्हणून ती आखूड केलेली आहेत. परंतु कृषी सेवा केंद्राच्या फळीवर किंवा बागायतदारांच्या मोबाइलवरच्या गटात दोन जाणते बोलू लागले, की "जी.ए. किती पी.पी.एम. घेतले? पी.एच.आय. बघितला का?" असे सुरू होते आणि नव्याने बाग लावलेला तिसरा नुसती मान डोलावतो. विचारले तर हसतील, ही भीती. त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत पुढे पिकाला, खिशाला आणि कधी कधी जिवालाही मोजावी लागते.

म्हणून आज आपण हंगामाच्या क्रमानेच, माती परीक्षणापासून काढणीपर्यंत, ही अक्षरे एकेक करून सोडवू या.

मातीचा अहवाल

२०१५ साली जमीन आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. या पत्रिकेत बारा गोष्टींची नोंद असते. त्यांतल्या तीन इंग्रजी अक्षरांत असतात आणि त्याच सर्वांत महत्त्वाच्या आहेत.

पी.एच. म्हणजे जमिनीचा सामू. सात हा मध्य. त्याच्या खाली जमीन आम्ल, वर गेली तर विम्ल. साडेसहा ते साडेसात असला तर बहुतेक पिके खूश असतात. साडेआठच्या वर गेला तर जमीन चोपण होत चालली आहे असे समजावे.

ई.सी. म्हणजे विद्युत वाहकता. मातीच्या पाण्यातून वीज किती सहज वाहते, त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो. हा आकडा एकाच्या आत असला तर चिंता नाही. वर जाऊ लागला तर पाणी देण्याची पद्धत आणि निचरा यांकडे पाहिले पाहिजे. हे ई.सी. लक्षात ठेवा, पुढे औषधाच्या डब्यावर हीच दोन अक्षरे भेटतील आणि तिथे त्यांचा अर्थ अगदी निराळा असेल.

ओ.सी. म्हणजे सेंद्रिय कर्ब. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असला तर जमीन भुकेली आहे. तिला शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत हवे. नुसत्या पिशव्या रिकाम्या करून ही भूक भागत नाही.

बियाण्याची चिठ्ठी

बियाण्याच्या पिशवीला शिवलेल्या चिठ्ठीचा रंग आधी पाहावा. सोनेरी पिवळी चिठ्ठी पैदासकार बियाण्याची, पांढरी पायाभूत बियाण्याची, निळी प्रमाणित बियाण्याची. हिरवट चिठ्ठी असली तर ते टी.एल., म्हणजे सत्यतादर्शक बियाणे. प्रमाणित बियाण्याच्या शेताची पाहणी आणि नमुन्याची तपासणी प्रमाणीकरण यंत्रणेने केलेली असते. टी.एल. बियाण्यावर लिहिलेल्या गुणांची हमी ते विकणारा उत्पादक स्वतः देतो. टी.एल. म्हणजे खोटे बियाणे नव्हे. पण दोन्हींतला फरक माहीत असावा आणि भाव देताना तो मनात धरावा.

एफ-वन असे लिहिले असेल तर ते पहिल्या पिढीचे संकरित बियाणे होय. त्याच्या पिकातले दाणे पुढच्या वर्षी पेरले तर झाडे सारखी येत नाहीत, उत्पन्न घसरते. म्हणून ते दरवर्षी नवे घ्यावे लागते. सोयाबीनच्या सरळ वाणाचे तसे नाही. घरचे चांगले बी राखून ठेवता येते. मात्र पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडून उगवण पाहावी. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बी पेरणीला योग्य.

पिशवी फाडताना चिठ्ठी फेकू नये. पावती, चिठ्ठी आणि पिशवीत उरलेले मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. उगवण फसली आणि तक्रार करायची वेळ आली तर हाच आपला पुरावा.

खताच्या पिशवीवरचे आकडे

२०२२ सालापासून अनुदानित खतांच्या पिशव्या 'भारत' या एकाच नावाने येऊ लागल्या. त्यामुळे पिशवीच्या चित्रावरून खत ओळखायची जुनी सवय आता कामाची नाही. आकडेच वाचले पाहिजेत.

एन., पी., के. ही तीन अक्षरे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश. क्रम कधी बदलत नाही. १०:२६:२६ याचा अर्थ शंभर किलो खतात १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद आणि २६ किलो पालाश. बाकीचा भाग या अन्नांना धरून ठेवणाऱ्या इतर पदार्थांचा. चौथा आकडा असेल, जसे २०:२०:०:१३, तर तो गंधकाचा.

डी.ए.पी. म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, १८:४६:०. पन्नास किलोच्या पिशवीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. एस.एस.पी. म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट, यात स्फुरद १६ टक्के आणि शिवाय गंधक ११ टक्के. एम.ओ.पी. म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, पालाश ६० टक्के. युरियात नत्र ४६ टक्के. युरियाची पिशवी २०१८ पासून पन्नासऐवजी पंचेचाळीस किलोची झाली, म्हणून एका पिशवीत आता २३ नव्हे, तर २०.७ किलो नत्र मिळते. एकरी पिशव्या मोजणाऱ्यांनी हा हिशेब बदलून घ्यावा.

हे आकडे कळले की हाती मोठी ताकद येते. पेरणीच्या तोंडावर डी.ए.पी. मिळत नाही म्हणून दुकानासमोर रांगा लागतात, पेरणी खोळंबते, वाफसा निघून जातो. आता हिशेब करा. एस.एस.पी.च्या एका पिशवीत ८ किलो स्फुरद, म्हणजे तीन पिशव्यांत २४ किलो. डी.ए.पी.च्या एका पिशवीतल्या स्फुरदाची भरपाई झाली. राहिले ९ किलो नत्र. त्यासाठी सुमारे २० किलो युरिया पुरे. वर साडेसोळा किलो गंधक मिळाले ते वेगळेच, आणि सोयाबीन, भुईमूग यांसारख्या तेलबियांना गंधक तर हवेच असते. ज्याला आकडे वाचता येतात तो रांगेत उभा न राहता पेरणी उरकतो.

ठिबकातून द्यायच्या विद्राव्य खतांचेही हेच गणित. १२:६१:० मध्ये स्फुरद भरपूर, ते मुळांच्या वाढीच्या सुरुवातीच्या काळात. ०:५२:३४ मध्ये नत्र नाही. फूल-फळधारणेच्या वेळी पालवी नुसती भडकू नये तेव्हा त्याचा उपयोग. १३:०:४५ मध्ये पालाश जास्त, ते फळ फुगवणीच्या वेळी. नावे पाठ करायची गरज नाही. आकडा पाहिला की खत स्वतःच आपले काम सांगते.

औषधाचा डबा

आता खरी जपून चालायची जागा. औषधाच्या डब्यावर तीन गोष्टी ओळीने लिहिलेल्या असतात: औषधाचे रासायनिक नाव, मग टक्केवारी, मग दोन किंवा तीन अक्षरे. आपण बहुधा कंपनीने दिलेले मोठ्या अक्षरातले नाव तेवढे वाचतो आणि थांबतो. खरी माहिती त्याच्याखालच्या बारीक ओळीत असते.

टक्केवारी क्रियाशील घटकाची, म्हणजे किडीवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या विषाची. इंग्रजीत यालाच ए.आय. म्हणतात. एक उदाहरण घेऊ. इमिडाक्लोप्रिड हे औषध १७.८ टक्के एस.एल. या रूपात द्रव मिळते आणि ७० टक्के डब्ल्यू.जी. या रूपात दाणेदारही मिळते. द्रवाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम विष असते. दाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये ७० ग्रॅम. नाव एक, पण जोर साडेतीन पट! शेजाऱ्याने "मी पंपाला एवढे घेतले" म्हणून सांगितले आणि आपण दुसऱ्या रूपातले औषध तेवढेच टाकले, तर एक तर कीड मरणार नाही, नाहीतर पीक करपेल. शेजारी खोटे बोलला नाही; त्याने आकडा सांगितला आणि अक्षरे सांगायची राहिली.

आता ही अक्षरे पाहू.

ई.सी. म्हणजे प्रवाही. पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होते. यातले द्रावक तेलासारखे असल्याने ते कातडीतून लवकर आत शिरते. हातमोज्याशिवाय डबा धरू नये, विस्तवाजवळ ठेवू नये. मातीच्या अहवालातल्या ई.सी.शी याचा काहीही संबंध नाही.

एस.एल. म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारा द्रव.

एस.सी. म्हणजे द्रवात तरंगणारे अतिबारीक कण. हे डब्यात तळाशी बसतात. मोजून घेण्यापूर्वी डबा चांगला हलवावा. न हलवता घेतले तर पहिले पंप कमजोर जातात आणि शेवटचे पंप जहाल.

डब्ल्यू.पी. म्हणजे पाण्यात मिसळणारी भुकटी. ती विरघळत नाही, पाण्यात तरंगत राहते. आधी थोड्या पाण्यात काडीने कालवून मग टाकीत ओतावी आणि फवारताना ढवळत राहावे. पुडा उघडताना धुरळा उडतो, म्हणून तोंडाला फडके बांधावे. डब्ल्यू.जी. किंवा डब्ल्यू.डी.जी. हे तिचेच दाणेदार रूप, धुरळा कमी.

एस.पी. आणि एस.जी. म्हणजे पाण्यात विरघळणारी भुकटी आणि विरघळणारे दाणे.

जी.आर. किंवा सी.जी. म्हणजे जमिनीत टाकायचे दाणे. ते पाण्यात कालवून कदापि फवारू नयेत.

डी.पी. म्हणजे धुरळणीची भुकटी. ती पंपात घातली तर नोझल तुंबते आणि औषध फुकट जाते.

एफ.एस. म्हणजे बीजप्रक्रियेचे औषध. ते बियाण्याला चोळण्यासाठी आहे, उभ्या पिकावर फवारण्यासाठी नाही. आणि ते लावलेले बी उरले तर कोंबड्यांना किंवा गुरांना घालू नये, घरच्या धान्यातही मिसळू नये.

मोजमाप टोपणाने करायची आपली सवयही आता सोडली पाहिजे. प्रत्येक कंपनीचे टोपण वेगळे. दुकानात मापाचे छोटे भांडे स्वस्तात मिळते. ते औषधासाठी वेगळे ठेवावे आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे.

त्रिकोणाचा रंग

ज्याला एकही अक्षर वाचता येत नाही त्याच्यासाठी डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे खूप विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. लाल त्रिकोणाच्या वर कवटी आणि हाडांची फुली असते.

हे रंग कशावरून ठरतात? एल.डी. ५० या मापावरून. प्रयोगशाळेतल्या जनावरांच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम विष पोटात गेले असता निम्मी जनावरे मरतात, तो हा आकडा. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. पन्नासपर्यंत लाल, पाचशेपर्यंत पिवळा, पाच हजारांपर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र कोणी समजू नये. तेही विषच आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. सुमारे वीस माणसे दगावली, शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूरही होते. डबा मालकाच्या खळ्यावर, पंप मजुराच्या पाठीवर. मग त्रिकोण कोणी पाहायचा? म्हणून पंप पाठीवर चढवण्यापूर्वी फवारणाऱ्याला डबा दाखवावा, त्रिकोणाचा रंग सांगावा, हातमोजे व तोंडाचे फडके द्यावे, ही मालकाची जबाबदारी आहे. मजुरानेही "मालक, डबा दाखवा" असे म्हणायला संकोचू नये. दोन-तीन औषधे आपल्या मनाने एकत्र करू नयेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

एवढे करूनही कोणाला मळमळ, घाम, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटले, तर काम थांबवून अंगावरचे कपडे उतरवावेत, साबणाने अंग धुवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. जाताना माणसाबरोबर डबाही न्यावा. विषाचे नाव आणि त्यावरचा उतारा त्या डब्यावर किंवा आतल्या कागदावर छापलेला असतो. डॉक्टरांना नुसते "पांढरे औषध होते" असे सांगून काय कळणार? याच कारणासाठी औषध दुसऱ्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतलेल्या औषधाला ना अक्षरे असतात ना त्रिकोण. आणि घरात लहान मुले असतात.

काढणीच्या वेळची अक्षरे

पी.एच.आय. म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये सोडायचे दिवस. मराठीत त्याला प्रतीक्षा काळ म्हणतात. डब्यावर प्रत्येक पिकापुढे हे दिवस दिलेले असतात. भाजीला बाजार चढला म्हणून काल फवारलेली वांगी आज तोडली, तर ते विष कोणाच्या तरी ताटात जाते. कधी कधी ते ताट आपल्याच घरातले असते.

एम.आर.एल. म्हणजे मालात विषाचा अंश जास्तीत जास्त किती चालेल त्याची मर्यादा. ती किलोमागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. यालाच पी.पी.एम., म्हणजे दहा लाखांत एक भाग, असेही म्हणतात. पाण्याच्या हिशेबाने एक हजार लिटरमध्ये एक ग्रॅम म्हणजे एक पी.पी.एम. म्हणून जी.ए., म्हणजे जिबरेलिक ॲसिड, दहा पी.पी.एम. घ्यायचे तर शंभर लिटर पाण्याला एक ग्रॅम.

ही मर्यादा किती बारीक असते ते द्राक्ष बागायतदारांनी सोसून पाहिले आहे. वेलीच्या शेंड्याची वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे एक संजीवक बागायतदारांच्या बोलण्यात 'सी.सी.सी.' म्हणून ओळखले जाते. २०१० साली आपल्या द्राक्षांत त्याचा अंश सापडला, युरोपात माल अडकला आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. तिथली तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम! दोष काही त्या तीन अक्षरांचा नव्हता. पण तपासणीच्या कागदावर 'सी.सी.सी.' नसते, तिथे 'क्लोरमेक्वाट क्लोराइड' असे पूर्ण नाव असते. ज्याच्या वहीत नुसते आखूड नाव, त्याला यादीतले लांब नाव समोर असूनही ओळखू येत नाही. म्हणून फवारणीच्या वहीत नेहमी पूर्ण रासायनिक नाव, टक्केवारी, तारीख आणि मात्रा लिहावी.

घरातली एक वही

हे सारे एका दिवसात पाठ होणार नाही, आणि तशी गरजही नाही. एक शंभर पानी वही करावी. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीने डब्यावरची ओळ तीत उतरवावी आणि घरातल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावी. घरच्या लक्ष्मीलाही त्यात बसवावे. पाणी भरून देण्यापासून फवारणीचे कपडे धुण्यापर्यंत या विषाशी तिचाही संबंध येतोच. ते कपडे वेगळे धुवायचे, हे तिला कारणासह कळले पाहिजे.

दुकानात पक्की पावती मागावी आणि तीवर औषधाचे पूर्ण नाव, टक्केवारी व अक्षरे लिहून घ्यावीत. डब्याबरोबरचा माहितीचा कागद मागून घ्यावा. त्यात मराठी मजकूर असतो. अक्षर बारीक असेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यावे. आपण पैसे मोजतो, तेव्हा विचारणे हा आपला हक्क आहे.

आणि आम्हा खात्यातल्या माणसांची, दुकानदारांची आणि जाणत्या बागायतदारांची जबाबदारी याहून मोठी आहे. 'प्रवाही', 'पाण्यात मिसळणारी भुकटी', 'प्रतीक्षा काळ', 'सेंद्रिय कर्ब' असे चांगले मराठी शब्द विद्यापीठांच्या शिफारशींत कधीपासून आहेत. ते सोडून चार माणसांत नुसती इंग्रजी अक्षरे फेकण्यात शहाणपण नाही. अक्षर बोललात तर त्याचा अर्थही लगेच सांगा. समोरच्याने मान डोलावली म्हणजे त्याला कळले असे धरू नका.

सातबाऱ्यावरचे एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर आपण तालुक्याला चार खेपा घालतो आणि ते दुरुस्त करून घेतो. तेवढीच नजर येत्या हंगामात डब्यावर ठेवू या. झाकण उघडण्यापूर्वी त्या बारीक ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, "ही दोन अक्षरे काय म्हणतात?" उत्तर मिळाल्यावरच झाकण फिरवा.